लाल नसलेली कार्डं

शिवयोगी अण्णांनी सोलापुरातल्या एका चादरींच्या कारखान्यात बावीस वर्षं नक्षींची कार्डं सांभाळली. एका नक्षीला एक कार्ड, कडेला भोकांची रांग. नक्षीत मोर असेल तर मोराचं भोक कडेपर्यंत कापायचं, लाल असेल तर लालचं. गठ्ठ्याच्या त्या भोकातून सळई घालून हलवलं की कापलेली कार्डं खाली पडायची, बाकीची लटकून राहायची. व्यापाऱ्याचं पत्र आलं की अण्णा दोन मिनिटांत हव्या त्या नक्षी काढून देत.

१९७६ साली ते निवृत्त व्हायला पंधरा दिवस उरले. मालक सिद्रामप्पा म्हणाले, "अण्णा, तुमची विद्या वहीत उतरवा. वच्छलाला जमलं तर ठीक, न्हाय तर कार्डांचं कपाट रद्दीत."

वच्छला नवी कारकून. अण्णांनी पाच दिवस खपून वही लिहिली. 'हे आणि तेही', 'हे किंवा ते', 'हे नको'. प्रत्येकाला सळई कशी घालायची ते सगळं. मग तिला म्हणाले, "काढ बघू. मोर पाहिजे, लाल नको."

वहीत बघत तिनं चौदा कार्डं काढली. अण्णांनी काढली अकरा.

"चुकलीस."

"वहीतलंच केलं की, अण्णा!"

"ही तीन जुनी हायत. त्यांच्यावर नक्षी नोंदली, रंग नोंदायचे राहिले. ती बाजूला टाकायची."

"हे वहीत कुटं हाय?"

"ते कळतंच की."

"तुम्हाला. मला कसं कळावं?"

अण्णांना राग आला. त्यांनी त्या तीन कार्डांतलं एक उचललं. ती चादर त्यांना आठवत होती, वीतभर लाल काठाची. वहीच्या भरवशावर ती 'लाल नको'वाल्याला गेली असती. न कापलेलं भोक दोन गोष्टी सांगत होतं: यात लाल नाही, किंवा यात लाल आहे का ते कुणी पाहिलंच नाही. बावीस वर्षं त्यांचा हात हा फरक करत होता, आणि त्यांनाच त्याची खबर नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कडेचं एक रिकामं भोक 'रंग नोंदले' यासाठी ठरवलं आणि रंग नोंदलेल्या प्रत्येक कार्डाचं ते भोक कापलं. वहीत लिहिलं: 'नको' म्हणायच्या आधी या भोकात सळई घालावी. पडतील त्यांनाच पुढचा प्रश्न विचारावा.

शनिवारी मालकांसमोर वच्छलानं तीनदा सळई घातली. अण्णा हात मागे बांधून उभे राहिले. बरोबर अकरा.

"झ्याक!" सिद्रामप्पा हसले. "आता उद्यापासून न्हाय आलात तरी चालंल की, अण्णा."

"लई काम हाय अजून," अण्णा म्हणाले. नव्या नियमानं सगळी जुनी कार्डं कायमची बाहेर राहणार होती. 'लाल नको' म्हणणाऱ्याला त्यातली एकही कधी सापडणार नव्हती. अशी एकशेवीस कार्डं, आणि निवृत्तीला सात दिवस. अण्णांनी जुन्या चादरींच्या नमुन्यांची पहिली गाठोडी सोडली आणि वच्छलाला म्हणाले, "मी रंग सांगतो. तू काप."