चाक्रुनाची पाटी, दुसरंच झुडूप

रजेवरून परतले त्या सकाळी ग्रीनहाऊस उघडलं, तर ‘चाक्रुना’ अशी पाटी असलेलं झुडूप अर्धं बोडकं झालेलं. पानं कात्रीने नीट कापून नेलेली. माझा बॉस ग्रेग मागून आला आणि खुशीत म्हणाला, “चला, फसले!”

मला हसू आलं नाही. ते झुडूप चाक्रुना नव्हतंच.

मिशिगनमधल्या एका खाजगी बागेत मी झाडांची निगा आणि नोंदी सांभाळते. आयावास्का हा ॲमेझॉनकडच्या आदिवासींचा विधीचा काढा; तो प्यायल्यावर दृष्टांत होतात, मनाचं दुःख हलकं होतं असं म्हणतात. त्यात एक वेल लागते आणि चाक्रुनाची पानं लागतात. नेमकी कुठली वेल, कुठल्या झुडपाची पानं, हे ओळखायला तिथले जाणते वर्षानुवर्षं शिकतात. इकडे लोक व्हिडिओ बघतात आणि पानं आमच्याकडून चोरतात. कंटाळून ग्रेगने मी रजेवर असताना खरं झाड मागच्या खोलीत हलवलं आणि त्याची पाटी तशाच चकचकीत पानांच्या दुसऱ्या झुडपाजवळ खोचली. अशा फसव्या पाटीला आम्ही डिकॉय लेबल म्हणतो.

ग्रेगने फक्त पानं जुळतात एवढंच पाहिलं होतं. त्याच कुळातलं हे झुडूप खाऊन ब्राझीलमध्ये गुरं मरतात.

“ग्रेग, कोणी हे उकळून प्यायलं तर?”

“तो चोराचा प्रश्न.”

“पाटी चोराने नाही लावली.”

त्याचा चेहरा उतरला. “वकिलाला ईमेल करतो. तो सांगेपर्यंत बाहेर एक शब्द नाही. आपणच कबूल केल्यासारखं होईल.”

चोरी हा गुन्हा आहे, मान्य. पण मूठभर पानांसाठी कुणाला जिवाची शिक्षा देण्याचा अधिकार बागेला कोणी दिला? शाळेतली मुलं येतात, म्हातारे येतात, पाटी वाचून ती खरी मानतात. त्याच विश्वासाचा आम्ही सापळा केला होता.

मी चार ओळी लिहिल्या. चाक्रुना म्हणून नेलेली पानं विषारी आहेत. पिऊ नका. प्यायला असाल तर लगेच 911 ला फोन करा. नाव विचारणार नाही. खाली माझा नंबर. बागेच्या पेजवर टाकलं, आसपासच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुप्सवर टाकलं, शेजारच्या ॲन आर्बर शहरातल्या मराठी ग्रुपवरही.

“डिलीट कर,” ग्रेग म्हणाला. “ही ऑर्डर आहे.”

“मला नोकरीवरून काढ. पोस्ट राहील.”

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

“ताई, मराठीत बोलू? मी नागपूरची, इथे पीएचडी करते. ती पानं... माझ्याकडे आहेत.”

“कुठे आहेत?”

“कुकरमध्ये.”

“कशात?”

“प्रेशर कुकरमध्ये. व्हिडिओत खूप वेळ उकळतात, म्हटलं शिट्ट्या काढू.”

“कोणी प्यायलंय?”

“रूममेटची आई गेली, ताई. तेव्हापासून ती धड झोपत नाही, जेवत नाही. तिला आज संध्याकाळी देणार होते. तिने नाही घेतलं अजून.”

“आणि तू?”

“चमचाभर. आमटीची बघतो तशी चव बघितली.”

“फोन ठेव आणि 911 लाव.”

“माझा व्हिसा जाईल, यार!”

“व्हिसासाठी आपण भांडू. मी येते भांडायला. आधी हॉस्पिटल.”

ती हॉस्पिटलमध्ये गेली. इमर्जन्सीतल्या डॉक्टरचा मला फोन आला. चाक्रुना समजून उपचार करून चालणार नव्हतं, त्यांना खरं झाड कुठलं ते हवं होतं. मी नाव सांगायला लागले, तेवढ्यात ग्रेगने फोन मागितला. झाडाचं लॅटिन नाव त्याने एकेक अक्षर करून स्वतः सांगितलं, ते हृदयावर काय परिणाम करतं हे त्याने सकाळपासून शोधून वाचलं होतं, तेही सांगितलं. “पाटी मी बदलली होती,” तो म्हणाला.

रात्रभर तिला मॉनिटरवर ठेवलं. सकाळी सोडलं. कुकर रूममेटने कचऱ्यात टाकला. त्या मुलीच्या व्हिसाचं कोणी काही विचारलं नाही. रूममेट आता कौन्सेलरकडे जाते.

ऑर्डर मोडली म्हणून मला बागेकडून लेखी वॉर्निंग मिळाली. मी सही केली आणि खाली लिहिलं की पुन्हा अशी वेळ आली तर पुन्हा हेच करीन.

त्या झुडपाला आता त्याचं स्वतःचं नाव आहे, शेजारी लाल अक्षरात ‘विषारी’. आणि खरं चाक्रुना ठेवलंय त्या मागच्या खोलीच्या दाराला कुलूप आहे. कुलूप तेव्हाही कुठल्याही हार्डवेअर स्टोअरमध्ये मिळत होतं.