दुधी काचेचं दार

मी फिजिओथेरपीची पदवी घेतली तेव्हा बदलापूरजवळच्या चामटोलीतल्या आमच्या घरात तो शब्द कुणालाच नीट उच्चारता येत नव्हता. आई शेजारणींना सांगायची, पोरगी हाडांची डॉक्टरीण झाली. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात कामाला होते. ते कुणाला काही सांगायचे नाहीत, पण नातेवाईक आले की माझा पदवीचा फोटो हळूच भिंतीवरून काढून त्यांच्या हातात द्यायचे. घरातली मी पहिली पदवीधर. त्यामुळे पहिली नोकरी लागली तेव्हा ती टिकलीच पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

नोकरी उल्हासनगरच्या कॅम्प तीन भागात होती. तिथे एक वयस्कर सिंधी डॉक्टर कायरोप्रॅक्टिकचं क्लिनिक चालवत. ते परदेशात शिकून आले होते. औषध नाही, इंजेक्शन नाही. पेशंटला टेबलावर कुशीवर वळवायचं, हाताने एक नेमका झटका द्यायचा, की मणक्यातून कट्‌ असा आवाज यायचा आणि माणूस हसत उठायचा. आजूबाजूच्या गल्ल्यांत जीन्सचे कारखाने. तिथले शिलाईवाले, धागे कापणाऱ्या बायका, दुकानांत दिवसभर उभी राहणारी माणसं, सगळे त्यांना सिंधी रिवाजाने, आदराने साईं म्हणत; मी सर म्हणायचे.

मुलाखतीत त्यांनी माझे मार्क पाहिलेच नाहीत. पाण्याची नवी बाटली पुढे केली आणि झाकण उघडायला सांगितलं. मी उघडलं.

"मला नाही येत आता," ते म्हणाले. "अंगठा गेला, मनगट पण चाललं. बेटा, लोकांनी स्वतःच्या अंगाने ठीक व्हायला शिकलं तर हे क्लिनिक राहील. नाहीतर टाळं लागेल."

मागची खोली त्यांनी माझ्यासाठी रिकामी करून दिली. दुधी काचेचं दार बसवलं, आत मॅट, रबराचे पट्टे, शेकाचं मशीन आणलं. दार माझ्याच आग्रहाने आलं होतं. पेशंटला आडोसा हवा, असं आम्हाला शिकवलं होतं, आणि ते खरंही आहे. सरांचं टेबल मात्र हॉलमध्येच होतं, जेमतेम अर्ध्या पडद्याआड. बाकावर बसलेले लोक कान देऊन असायचे. आवाज आला की कुणीतरी समाधानाने म्हणायचं, "बसला." मला ते फार गावठी वाटायचं.

माझ्या खोलीत कुणी येईना. सर समजावून पाठवायचे, लोक मान हलवायचे, सोमवारी येतो म्हणून शेअर रिक्षात बसून निघून जायचे. पुढच्या वेळी पुन्हा टेबलापाशीच उभे. शेवटी सरच त्यांना झोपवायचे, आणि क्लिनिक बंद करायच्या वेळी कोमट पाण्याच्या टबात हात बुडवून बसायचे. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. त्यामुळे मला जास्तच जड वाटायचं. मी त्यांच्या मनगटासाठी व्यायाम दाखवून ठेवले होते. रोज करतो म्हणायचे.

धागे कापणाऱ्या एक मावशी कंबर धरून यायच्या. एकदा मी त्यांना बाहेर पायरीवर गाठलं आणि सरळ विचारलं की आत का येत नाही.

"मॅडम, राग नका मानू," त्या म्हणाल्या. "साईंच्या हाताने जो ठीक होत नाही, त्यालाच आत पाठवतात असं सगळे बोलतात. आत गेलं की मग ऑपरेशन. माझ्या घरातून तर सांगूनच ठेवलंय, दार उघडलं तरी आत जाऊ नको."

त्या दिवशी बदलापूरला घरी परतताना मी त्याच वाक्याचा विचार करत होते. बंद दार म्हणजे मान, असं मी समजत होते. ज्यांनी आपली माणसं दवाखान्याच्या बंद दारांआडच गमावली, त्यांना त्या दाराचा अर्थ वेगळा लागणार होता. आमच्या घरीही तो वेगळाच लागला असता, हे मला आधी सुचायला हवं होतं.

मी सरांना म्हटलं, मॅट हॉलमध्ये आणू. ते हसले, म्हणाले आता आखाडा उघडणार का. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी खुर्च्या हलवून जागा केली. ज्यांना आडोसा हवा त्यांच्यासाठी आतली खोली राहिली, दार मात्र काढून टाकलं आणि साधा पडदा लावला. मी पांढरा कोट काढून ठेवला, मॅटवर पाठीवर झोपले, पाय दुमडले आणि कंबर उचलून दाखवली.

"ही तर शाळेतली कवायत," बाकावरून एक जण म्हणाला.

"तू शाळेत गेला होतास कधी?" मावशींनी त्याला विचारलं. सगळे हसले. मग ओढणी कमरेला बांधून त्याच खाली उतरल्या. त्यांची कंबर उचलली गेली तेव्हा बाकावरून आपोआप आलं, "बसला." आवाज कसलाच झाला नव्हता.

मावशींमागून इतर बायका आल्या. पुरुष अडून होते. त्यांच्यात एक जुना शिलाई कारागीर होता. तो दर आठवड्याला मान मोडून घ्यायचा, आणि त्याच्या कारखान्यातले बाकीचे त्याच्याकडे बघून ठरवायचे. एके सकाळी तो आला तेव्हा सरांच्या मनगटाला पट्टा होता.

"आज कट्‌ नाही?" त्याने विचारलं.

"नाही," सर म्हणाले. "आज नाही, आणि पुढे पण रोज नाही होणार. हात संपले माझे."

असं सगळ्यांसमोर ते पहिल्यांदाच बोलले होते. कारागिराने तो पट्टा बोटांनी चाचपून पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, यांना काही व्यायाम दिला की नाही?"

मी म्हटलं, दिला आहे. करतात का, ते त्यांनाच विचारा.

सरांनी नजर खाली घातली. कारागिराने त्यांना दंडाला धरून बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. "साईं, तुम्ही हाताचा करा, मी मानेचा करतो. बघू कोण आधी थकतं."

दोघांनी केला. सर आधी थकले आणि त्यांनी ते कबूल केलं. कारागीर जाताना माझ्याकडे मंगळवारची वेळ मागून गेला.