पाळी कुणाची होती

उत्तरेकडच्या एका बर्फाळ पोस्टवर मी दोन हिवाळे काढले. आम्ही अकरा जण होतो. त्यांत मावळातले दोघे: इंदुरीचा मी आणि कुरवंड्याचा शिपाई दत्तू.

दिवस ठरलेला असे. पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यात सज्ज. सहाला बर्फ वितळवून पाणी. सातला रेडिओ चेक. आठवड्यातून दोनदा चौघांची लिंक पेट्रोल, म्हणजे गस्त, शेजारच्या पोस्टपर्यंत जाई. चौघे एका दोरात. दर अर्ध्या तासाला पुढचा माणूस बदलायचा, कारण बर्फ तुडवून वाट त्यालाच करावी लागते आणि धोकाही आधी त्यालाच. पाळी चुकवायची नाही, हा नियम. त्यावरून कधी वाद झाला नाही.

दत्तू फार कमी बोलायचा. "तुझ्या घरी कुणी बोलतं का रे?" मी चिडवायचो.

"आई बोलती की. मला कुटं जागा उरती?"

त्या दिवशी नऊ-चाळीसला पाळी बदलली. दत्तू पुढे गेला. चाळीसेक पावलांवर असताना वरच्या उताराचा बर्फ सुटून खाली आला. दोर ताणला, माझा गुडघा फिरला, मग दोर तुटला. मागच्या जवानाने रेडिओवर आमच्या पोस्टला हाक दिली. पोस्टचं सांकेतिक नाव टायगर.

"टायगर, एक जवान बर्फ के नीचे. ओव्हर."

"कितना टाइम? ओव्हर."

"चार मिनिट. ओव्हर."

"खोदते रहो. आउट."

दहा-पस्तीसला दत्तू हाती लागला. मी हातमोजा काढून त्याच्या मानेवर बोटं ठेवली. काही लागलं नाही.

पोस्टवर परतलो. सुभेदार साहेबांनी आम्हा तिघांना तीन बंकरांत वेगवेगळं बसवलं. मी चहा मागितला.

"चहा नंतर. आधी जबाब लिही. एकत्र बसून चहा प्यालात की तिघांची एकच गोष्ट होईल. आणि ती कुणाचीच नसेल."

मी लिहिलं, सही केली.

गुडघ्यामुळे मी लवकरच फौजेतून बाहेर पडलो. तेव्हापासून दर सव्वीस जानेवारीला कुरवंड्याच्या शाळेत मला बोलावतात. पहिल्या वर्षी दोन मिनिटं बोललो. दुसऱ्या वर्षी एका मुलीने विचारलं, "जाताना ते काय म्हणाले?" सगळी शाळा वाट बघत होती. मी म्हणालो, "'मी जातो' म्हणाला." पुढच्या वर्षी माझी लेक मांडीवर होती. त्या वर्षी वाक्य लांबलं: "तू थांब. तुला घरी लेकरू आहे. मी जातो." पोरं गप्प झाली. त्यानंतर ते वाक्य मी सोडलं नाही. मी खोटं बोलतोय असं मला कधी वाटलं नाही. मला दत्तूचा आवाज ऐकू यायचा.

यंदा गावाने दत्तूच्या नावाचा दगड बसवायचं ठरवलं. त्यावर हेच वाक्य कोरायचं होतं. पाथरवट सोमवारपासून काम धरणार होता.

त्याआधीच्या मंगळवारी गुडघ्याच्या जुन्या मेडिकल फाइलमध्ये माझ्या जबाबाची प्रत सापडली. अक्षर माझंच. "०९४० ला माझी पाळी होती. माझ्या गॉगलवर बर्फ गोठला होता. मी दत्तूला म्हणालो, मला दिसत नाही, तू जा. तो काही बोलला नाही. गेला."

मी दोनदा वाचलं. मग हिशोब घातला. माझी लेक त्या दिवसानंतर सव्वा वर्षाने जन्मली. कुरवंड्यात तिला सगळे ओळखतात. इतक्या वर्षांत तिचं वय कुणी मोजलं नाही. मीही नाही.

माझे वडील इंदुरीत पत्रकं छापून वाटत. छापण्याआधी प्रत्येक वाक्याला विचारत, हे कुणी पाहिलं, कुणी ऐकलं? मी तीच पत्रकं वाचत वाढलो. मेलेल्या जवानाच्या तोंडी वाक्यं घालणाऱ्या पुढाऱ्यांची मला चीड आहे. ते काम मी त्यांच्याआधीच करून ठेवलं होतं. माणूस अवघड जागा विसरतो असं म्हणतात. मी नुसता विसरलो नाही. रिकाम्या जागेत मला सोसेल असं काहीतरी बसवलं आणि दरवर्षी पुन्हा सांगून पक्कं केलं. गॉगल पुसायला किती वेळ लागतो, हे तर जबाबातही लिहिलेलं नाही.

रविवारी सकाळी कुरवंड्याला गेलो. दत्तूची आई अंगणात तांदूळ निवडत होती.

"मावशी, दगडावर घालायचंय ते वाक्य दत्तू बोलला नव्हता. पाळी माझी होती. मी त्याला जा म्हणालो."

तिचे हात थांबले. "कायच बोलला न्हाई?"

"नाही."

"व्हय. घरी बी तसाच. उठायचा आन जायचा." तिने सुपातला एक खडा काढून टाकला. "मला वाटलं, तितं जाऊन बोलाया शिकला."

मी खिशातून जबाब काढून तिच्यापुढे धरला.

"तुला ठाव हुतं?"

"त्या दिवशी ठाऊक होतं. लिहून दिलं होतं."

"मग मधी कुटं गेलं?"

"सांगता सांगता गेलं, मावशी."

तिने पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. त्या दिवशी पहिल्यांदा तिने चहा विचारला नाही. मी उठलो तेव्हा वर न बघता म्हणाली, "दगुड खरा करा. पाळी त्येची नव्हती. तरी त्यो गेला. एवढं पुरं हाय."

सरपंचांना कागद दाखवला. ते वैतागले. "भाऊ, पाव्हणे येनार. ह्याच्यात भाषनाला काय उरलं?"

"काही नाही."

"लय सोपं केलंस की आमचं काम."

पण मावशीपुढे त्यांचं काही चाललं नाही.

यंदा शाळेत मी जबाब वाचून दाखवला. पोरं चुळबुळत होती. गुरुजी नंतर म्हणाले, मागच्या वर्षीचं जास्त चांगलं होतं. खरं आहे. मलाही ते वाक्य अजून दत्तूच्याच आवाजात ऐकू येतं. कागद वाचून ते जात नाही. म्हणून जबाबाची घडी खिशात ठेवतो.

दगड शाळेच्या फाटकाजवळ आहे. त्यावर तीनच ओळी आहेत.

शिपाई दत्तू, कुरवंडे.
पाळी त्याची नव्हती.
तो पुढे गेला.