मामाजी आणि नेपल्सचा डोंगर

कुठं जावं आणि तिथं गेल्यावर काय पाहावं, हे माझ्या सासऱ्यांइतकं ठामपणे सांगणारा माणूस साऱ्या चांदा जिल्ह्यात दुसरा झाला नाही. ते ठिकाण त्यांनी स्वतः पाहिलेलं असायला हवं, अशी काही त्यांची अट नव्हती. महाकालीच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्यांना ते आधी गावाच्या परकोटावर चढवत आणि देवी कुठं जात नाही, ऊन मात्र चढतं, असं सांगून सगळ्यांची तोंडं बंद करत. काशीला निघालेल्या शेजाऱ्यांना त्यांनी कोणत्या घाटावर गर्दी कमी असते ते सांगून टाकलं. शेजारी परत आल्यावर म्हणाले, तिथं तर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. मामाजी शांतपणे म्हणाले की तुम्ही सांगत फिरला असाल. आमच्या भागात सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मी तर त्यांच्या तोंडावरही म्हणत असे आणि पाठीमागेही. त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारणारं घरात कोणी उरलं नव्हतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

मामाजी जंगल खात्यात रेंजर होते. सिरोंचा, अहेरी, आलापल्ली असा सगळा साग त्यांच्या पायाखालचा. वाघ पाहायला आलेल्या एका बड्या साहेबांना त्यांनी पहाटे नेऊन मोहाच्या झाडाखाली बसवलं आणि फुलं पडताना ऐका म्हणून सांगितलं. साहेब बिचारे ऐकत बसले. ऊन वर आल्यावर त्यांनी वाघाचं विचारलं, तेव्हा मामाजी म्हणाले, "वाघ तुमाले पाहून गेला. तुमी त्याले पाहिलं नाई, तं त्यात त्याचा काय दोष?" लोकांना वाटलं, आता यांची बदली होते. पण पुढच्या उन्हाळ्यात तेच साहेब आले आणि वाघाचं नाव न काढता त्या झाडाचा पत्ता विचारू लागले. पेन्शनीत आल्यावर जंगल सुटलं, पण जंगलातल्या सवयी काही सुटल्या नाहीत. मोठं झाड दिसलं की त्याला कवेत धरून त्याचा घेर जोखायचा, मग ते कोणाच्या अंगणात का असेना. विडी ओढणारा दिसला की ती पूर्ण विझेपर्यंत त्याच्यापाशी उभं राहायचं. आणि ज्याला मराठी कळत नाही त्याच्याशी तेलुगूत बोलायचं. ही शेवटची सवय सिरोंच्याची. गोदावरीच्या काठी ती उपयोगी पडली असेल, पण मामाजींचा तिच्यावर एवढा विश्वास बसला होता की चांद्याच्या स्टेशनवर उतरलेल्या एका पंजाबी सरदारजींनाही त्यांनी तेलुगूतच चहा विचारला.

या माणसाबरोबर मी विलायतेला निघाले. स्वातंत्र्य मिळून पाचसहा वर्षं झाली असतील. लग्नानंतर महिन्याभरात माझे यजमान इंजिनियरिंग शिकायला लंडनला गेले आणि मी चांद्याच्या घरात मामाजींसाठी स्वयंपाक करत, त्यांची व्याख्यानं ऐकत तीन वर्षं काढली. सुरुवातीला यजमानांची पत्रं लांबलचक येत. मग ती आखूड झाली. पुढं पुढं नुसती ख्यालीखुशाली. विलायतेला गेलेल्यांचं काय काय होतं, ते आमच्या आळीतल्या बायका मला ऐकू जाईल अशा बेताने एकमेकींना सांगत. एके दिवशी मामाजींनी जाहीर केलं की इंग्रजांनी आपला एवढा साग नेला, त्याचं केलं काय हे एकदा पाहून यायचं आहे. सूनही येईल, तिला नवऱ्याकडे पोचवायचंच आहे. चांद्यात सगळ्यांना हे पटलं. मामाजींचं सगळ्यांना पटतच असे.

जहाज इटलीचं होतं. मुंबईहून सुएझमार्गे नेपल्स, तिथं एक दिवसाचा मुक्काम, मग जिनोआला उतरून पुढं रेल्वेने लंडन. जहाजावर पाय ठेवल्या ठेवल्या मामाजींनी जेवणघरातला लाकडी खांब कवेत घेतला, त्याला नाक लावलं आणि हा बर्माचा, आपल्याकडचा नाही, असं मला सांगितलं. वाढपी हातातली ताटं धरून पाहतच राहिला. पुढं त्याची आणि मामाजींची अशी दोस्ती जमली की काही विचारू नका. पहिल्याच जेवणात तो त्यांच्या ताटात शेवयांसारखं काहीतरी वाढत सुटला, तेव्हा मामाजी हात आडवा करून म्हणाले, "चालु, चालु." तेलुगूत चालु म्हणजे पुरे. मला वाटलं अजून हवंय, म्हणून मी माझ्या ताटातलंही त्यांना देऊ लागले. तो इटालियन मात्र जागच्या जागी थांबला. मामाजी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहू लागले. "हे तं सिरोंच्याकडचेच लोक दिसतात," ते म्हणाले. त्या दिवसापासून सगळ्या जहाजाशी त्यांचा तेलुगूत व्यवहार सुरू झाला. रोज पहाटे धोतरावर कोट चढवून ते डेकवर गस्त घालत, सिगारेट ओढणाऱ्यांच्या मागे उभे राहत, आणि घरून आणलेलं लाल तिखट उकडलेल्या बटाट्यावर घालून खात. शेजारच्या टेबलावर एक म्हाताऱ्या इंग्रज मास्तरीणबाई असत. त्यांनी एकदा ते चाखून पाहिलं आणि पोर्ट सैद येईपर्यंत आमच्या तिखटाची निम्मी बरणी रिकामी केली.

नेपल्सला पोचायच्या दोन दिवस आधी जेवणघराच्या दाराशी एक पाटी लागली. बंदरात दिवसभर वेळ होता आणि ज्याला जिथं जायचं असेल त्याने नाव द्यायचं होतं. राखेखाली गाडलं गेलेलं जुनं गाव पॉम्पेई, ती राख ज्याने ओकली तो व्हेसूव्हियसचा डोंगर, समोरचं काप्री बेट, नाहीतर नुसतं शहर. सगळ्या जहाजभर हीच चर्चा. आणि मामाजी तर पाण्यात सोडलेल्या बदकासारखे खुलले. एका गुजराती व्यापाऱ्याला आणि त्याच्या नव्या बायकोला त्यांनी बेटावर धाडायचं ठरवलं, कारण नव्या जोडप्याने पडकी घरं पाहू नयेत. मास्तरीणबाईंना पॉम्पेई. ज्यांना चालायचा कंटाळा त्यांना शहर. लोक त्यांच्याकडे रांगेने येऊ लागले. यांनी नेपल्स कधी पाहिलं, असं कोणी विचारलं नाही. त्या गाडलेल्या गावाविषयी मात्र ते ज्याला त्याला खोदून खोदून विचारत होते. रस्ते कसे, विहिरी कशा, घरांना लाकूड कुठलं. मी मनाशी म्हटलं, आपण पॉम्पेईला जाणार.

माझं त्यात लक्षच नव्हतं. नेपल्स झालं की जिनोआ, जिनोआ झालं की लंडन. जेवण जात नव्हतं. यजमानांचा चेहरा आठवायला बसले की लग्नातला फोटोच आठवे, माणूस आठवेना. संध्याकाळी मामाजी माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "सूनबाई, आपलं नाव कुठी द्याचं, तू सांग."

मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तिथं.

"मी काई म्हणून नाई राह्यलो. तू म्हण."

मला वाटलं थट्टा करताहेत. तीन वर्षांत आमच्या घरी भाजी कोणती करायची हेही मी ठरवलं नव्हतं. माहेरी वडील ठरवत, सासरी मामाजी. मी पुन्हा तेच म्हटलं. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं आणि खुर्चीत पाय वर घेऊन बसून राहिले. लोक सल्ला विचारायला येत, त्यांना ते हातानेच परत पाठवत. जेवणाची घंटा झाली, लोक जेवून आले, तरी ते हलेनात. शेवटी मला रडू यायला लागलं, आणि मी समुद्राकडे पाहत म्हटलं, "डोंगर." का म्हटलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. इतके दिवस नुसतं सपाट पाणी पाहिलं होतं आणि त्याआधी तीन वर्षं चार भिंती. मला कुठंतरी चढायचं होतं. बस.

त्यांचा डावा गुडघा खराब होता, हे मला बोलून गेल्यावर आठवलं. मी लगेच म्हटलं की नको, पॉम्पेईच बरं. पण मामाजी उठून पाटीकडे निघालेसुद्धा होते.

नेपल्सच्या बंदरातून बस निघाली ती द्राक्षांच्या मळ्यांतून वर चढत गेली. पुढं मळे संपले, झाडं संपली, आणि काळी भुसभुशीत राख तेवढी उरली. तिथून पायी. एक पाऊल वर टाकावं तर अर्धं खाली घसरे. मामाजी बांबूची काठी रोवत चालले होते. मधून मधून थांबून ते लांबवर बोट दाखवत आणि मला काहीतरी समजावून देत. गुडघ्याला विसावा देण्याची ही त्यांची युक्ती आहे हे मला कळत होतं, म्हणून मी प्रत्येक वेळी दोन प्रश्न जास्तीचे विचारत होते. वर पोचलो तर डोंगराचं तोंड आ वासलेलं, आणि त्याच्या कडेच्या भेगांतून वाफ निघत होती. वाटाड्याने गंमत म्हणून सिगारेट काढली, एका भेगेशी धरून पेटवली आणि टाळ्यांची वाट पाहू लागला. मामाजी तीरासारखे पुढं झाले. "वद्दु, वद्दु," असं म्हणत, म्हणजे नको नको, त्यांनी ती सिगारेट त्याच्या हातून घेतली आणि राखेत पुरून टाकली. मग सगळ्या डोंगराकडे एक नजर टाकून मला म्हणाले, "एवढा मोठा वणवा लागला होता, अन् एक बी जाळरेषा आखली नाई कोणी." जाळरेषा म्हणजे वणवा अडवायला जंगलात साफ करून ठेवतात ती पट्टी. वाटाड्याला काय वाटलं कोण जाणे. त्याने मामाजींना वाकून नमस्कार केला.

बाकीची मंडळी कडेकडेने पुढं गेली. आम्ही दोघं एका दगडावर बसलो. खाली निळी खाडी, बंदर, आणि त्यात आमचं जहाज काडेपेटीएवढं. मामाजींनी काठी बाजूला ठेवून गुडघा चोळला.

"सूनबाई," ते म्हणाले, "तो कसा झाला असन, मले ठाऊक नाई. माहा पोरगा आहे, पण तीन वर्सं मी बी त्याले पाहिलं नाई. मी तिकडं महिनाभर राहीन. तुह्या मनाले पटलं तं ठीक. नाई पटलं, तं माह्या संगं परत चाल. चांद्याचं घर पयले तुहं आहे, मंग त्याचं."

मी एवढंच म्हटलं, लोक काय म्हणतील?

"लोकाईले मी सांगीन, तिकडची हवा तुले मानवली नाई. माह्यावर सारे विश्वास ठेवतात."

ते खरंच होतं. मला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. मी विचारलं, म्हणजे तुम्ही एवढ्यासाठी आलात? त्यावर ते जरा रागावले आणि साग बी पाहाचाच आहे म्हणाले. मग काठी टेकून उठले. उतरताना गुडघा ऐकेना, तेव्हा ते सरळ राखेत बसले आणि घसरत घसरत खाली गेले. जहाजावर परतलो तेव्हा धोतर कोळशाच्या पोत्यासारखं झालं होतं. मास्तरीणबाईंनी काय झालं म्हणून विचारलं, तर मामाजींनी त्यांना सांगितलं की डोंगर उतरायची हीच खरी रीत आहे.

लंडनच्या स्टेशनवर यजमान आले होते. वाळलेले, अंगावर मोठा ओव्हरकोट. वडिलांच्या पाया पडले, माझ्याकडे पाहून गोंधळले आणि माझी ट्रंक उचलून अशा वेगाने चालू लागले की आम्हाला त्यांच्यामागे धावावं लागलं. दोन खोल्यांच्या त्या घरात आम्ही तिघं एकमेकांना पाहुण्यांसारखे जपून वागत होतो. मामाजी रोज सकाळी मला विचारत, हवा कशी आहे? यजमान पडदा सारून बाहेर पाहत आणि आज धुकं आहे किंवा आज बरी आहे, असं सांगत. मामाजी त्यांचं ऐकून घेत आणि पुन्हा माझ्याकडे पाहत. मी म्हणे, अजून सांगता येत नाही. पुढं एकदा मला ताप आला. यजमानांनी कॉलेज बुडवून भात लावला, तो करपवला, आणि करपलेला भाग स्वतःच्या ताटात घेऊन वरचा मऊ भात मला भरवला. भरवताना म्हणाले की पत्रात काय लिहावं हेच त्यांना सुचत नसे; ज्या बाईशी नीट बोलणंही झालं नाही तिला काय लिहायचं? मलाही अगदी तसंच होत असे, हे मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी मामाजींनी हवा विचारली. मी म्हटलं, बरी आहे मामाजी, मानवेल. त्यांनी मान डोलावली, कोट घातला आणि जहाजाच्या कचेरीत जायला निघाले.

आम्ही चांद्याला परतलो ते पुष्कळ वर्षांनी. मामाजी तेव्हा बरेच थकले होते, पण गावातल्या लहानथोरांना नेपल्सचा डोंगर तोंडपाठ झाला होता. एका दुपारी त्यांचे पाय चेपताना मी सहज विचारलं की तेव्हा लंडनहून परत येताना त्यांचं जहाज पुन्हा नेपल्सला थांबलं असेल, मग तेवढ्यात ते पॉम्पेई पाहून घेतलं की नाही.

"नाई," ते म्हणाले. "उतरलोच नाई. डेकवर उभा राहून डोंगर पाहिला."

एवढं पाहायचं होतं तुम्हाला, मी म्हटलं. दिवसभर वेळ होता.

"वेळ होता," मामाजी म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले. "पण कुठी जाचं ते सांगाले कोणी नव्हतं."