कार्बन कागदाखालची ओळ

थोरलीचे पत्र आले. ती तिकडे परदेशात ज्या कचेरीत काम करते, तिथे एका कायद्याच्या मसुद्याचे काम चालू आहे. क्षेपणास्त्रांचे सुटे भाग आणि ते बनवण्याचे ज्ञान कोणाच्या हाती जाऊ नये, आणि कोणी दिलेच तर देणाऱ्याला काय शिक्षा व्हावी, असा तो कायदा. तिने सहज विचारले आहे, "आजी, तुमच्या काळी असले कायदे होते का गं?"

होते. त्यातला एक आमच्या घरापर्यंत आला होता. तुम्हा तिघांनाही हे कधी सांगितले नाही, म्हणून आता क्रमाने लिहिते.

तुमचे आजोबा अमरावतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत आणि मी मुलींच्या शाळेत इंग्रजी. अंजनगाव सुर्जीजवळ त्यांच्या वडिलांची संत्र्याची बाग होती. आजोबा लहान असताना एका फाल्गुनात गारा पडल्या आणि थोड्याच वेळात झाडांखाली हिरव्या फळांचा चिखल झाला. घरची माणसे सुन्न बसून राहिली. यांनी मात्र एक मोठी गार उचलून विळीवर धरली. आत कांद्यासारखे पदर दिसले. म्हणजे ही गार ढगात नुसती तयार होऊन पडली नव्हती, कितीदा तरी वर गेली होती आणि खाली आली होती. ती वर कशाने गेली, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून पुढे कधीच गेला नाही. ढगातला वारा मोजायचा आणि गारा येणार हे दोन तास आधी सांगता येते का ते पाहायचे, एवढेच त्यांना आयुष्यात करायचे होते.

त्यासाठी ते फुग्याखाली टोपली बांधून आकाशात सोडत. पण टोपली वाऱ्यात गरगरते. तिचे तोंड कोणत्या क्षणी कुठे होते हे कळले नाही, तर वाऱ्याची नोंद फुकट. म्हणून त्यांना जायरोस्कोप हवा होता. भोवऱ्यासारखे जोरात फिरणारे एक लहानसे चाक, त्याची चौकट कशीही हलली तरी ते आपली दिशा सोडत नाही. क्षेपणास्त्र सरळ जाते तेही असल्याच चाकाच्या जोरावर. हे आम्हाला ठाऊक होते, पण आमचा त्याच्याशी काय संबंध, असे वाटे.

परदेशात एक म्हातारे कारागीर होते. दोन खोल्यांच्या कारखान्यात ते स्वतःच्या हाताने अशी यंत्रे करत. आजोबांची इंग्रजी पत्रे मी टंकित करत असे, त्यामुळे पत्रव्यवहार खरा तर त्या कारागिरांचा आणि माझाच होता. त्यांनी गारांचे पदर कसे दिसतात ते विचारले. मी चित्र काढून पाठवले. त्यांनी कळवले, "तुमच्या संत्र्यांसाठी मी हे यंत्र नेहमीपेक्षा हलके करीन."

चीनच्या युद्धानंतरची ती वर्षे. बाहेरची वस्तू आणायची तर दिल्लीची परवानगी लागे, आणि ते यंत्र पाठवायला कारागिरांना त्यांच्या सरकारची. मी अर्ज तयार केला आणि कॉलेजच्या मोठ्या बाबूंकडे शिक्क्यासाठी नेला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो वाचला.

"बाई, हे काय लिहून आणलं? गारा?"

"गाराच मोजायच्या आहेत."

"अवो, गारा मोजाले दिल्ली कावून परवानगी देईन? एक ओळ टाका. 'देशाच्या संरक्षणकार्यास उपयुक्त.' आमी सिमेंटच्या अर्जाले तेच टाकतो, पत्र्याले तेच टाकतो. परवा तं बालवाडीच्या झोक्याच्या साखळीले टाकलं. मंजूर झालं ना!"

"झोक्याचा संरक्षणाशी काय संबंध?"

"पोट्टे मजबूत होतीन ना, बाई!"

आम्ही दोघेही हसलो. खरेच, त्या काळी ही ओळ सगळेच लिहीत. अर्जावर 'आपला नम्र' लिहावे तशी ती लिहिली जाई. तिचा अर्थ कोणी पाहत नसे.

मी घरी येऊन ती ओळ घातली. इथवर चूक बाबूंची म्हणता येईल, पुढची माझी. मी मशीनमध्ये तीन कागद आणि दोन कार्बन घातले. वरची प्रत दिल्लीला, दुसरी त्या कारागिरांना त्यांच्या सरकारात दाखवायला, तिसरी फाइलला. दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी सांगणे मला अव्यवस्थितपणाचे वाटले. आजोबांनी तिन्ही प्रतींवर सही केली. माझे टंकलेखन ते वाचत नसत. चूक सापडत नाही, म्हणत.

दिल्लीची परवानगी लवकर आली. बाबूंनी मला कॉरिडॉरमध्ये थांबवून विचारले, "काय बाई, चालली ना ओळ?" आजोबांनी सुताराकडून टोपलीत बसणारी लाकडी चौकट करून घेतली, मधोमध यंत्राच्या मापाची चौकोनी जागा सोडून. फाल्गुनाला चार महिने होते.

यंत्र आले नाही, कारागिरांचे पत्र आले. त्यांच्या देशात नवा कायदा झाला होता. असली यंत्रे लष्करी कामासाठी बाहेर पाठवणे गुन्हा ठरला होता. त्यांच्या कारखान्यात अधिकारी येऊन कागद घेऊन गेले होते. बाहेर माल पाठवायचा त्यांचा परवाना थांबला होता आणि चौकशी सुरू होती. "मी त्यांना सांगितले की हे लोक गारांचा अभ्यास करतात," त्यांनी लिहिले होते. "ते तुमचा कागद दाखवतात. त्यावर मला उत्तर देता येत नाही. ती ओळ खरी नसेल तर तसे सही करून कळवा. त्यावर माझे पुष्कळ अवलंबून आहे."

आजोबांनी फाइल काढून तिसरी प्रत वाचली.

"हे कोणी लिहिलं?"

"मीच. सगळेच लिहितात."

त्यांनी कागद फाइलला परत लावला. मग म्हणाले, "बस मशीनवर. खरं काय ते लिही. माझं जे व्हायचं ते होईल."

मी लिहिले. त्यांनी सही केली, या वेळी मात्र पूर्ण वाचून. पत्र रजिस्टरने पाठवायचे म्हणून मी पर्समध्ये ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी शनिवार म्हणून बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला माहेरी गेले. माझे वडील वकील होते. त्यांनी पत्र दोनदा वाचले.

"दिल्लीनं परवानगी कशावर दिली, बेटा?"

"त्याच ओळीवर."

"मग आता ती ओळ खोटी आहे असं लिहून देणाऱ्याची सही कोणाची?"

मी पत्राखालच्या सहीवर बोट ठेवले.

"जावयाची. तिकडच्या सरकारातून हा कागद दिल्लीला पोचेल, आणि इथे चीनच्या युद्धापासूनची आणीबाणी अजून चालू आहे. संरक्षणाचं नाव घेऊन खोटा अर्ज केला म्हणतील. नोकरी तर जाईलच, वर खटला. तू दोन सरकारांच्या मधात उभी आहेस. एकाला खरं सांगशील तर दुसऱ्याजवळ खोटी ठरशील."

"आणि ते म्हातारे?"

वडिलांनी पत्राची घडी घालून ते मला परत दिले. "ते तुझ्या घरात राहत नाहीत," ते म्हणाले.

सोमवारी मी शाळेत जाताना पोस्टावरून गेले. आत गेले नाही. संध्याकाळी आजोबांनी विचारले, "टाकलं?" मी "हो" म्हटले.

मग ते उत्तराची वाट पाहू लागले. दर आठवड्याला विचारत, "काही आलं का गं तिकडून?" महिन्याभराने एक कार्ड आले, ते माझ्याच हाती पडले. त्यावर एवढेच होते: "प्रिय बाई, मी अजून तुमच्या पत्राची वाट पाहतो आहे." ते कार्ड मी दाखवले नाही. पुढे काहीच आले नाही. आजोबा एकदा म्हणाले, "रागावले असतील. त्यांचा राग बरोबर आहे." आणि विचारायचे थांबले.

फाल्गुनात गारा पडल्या. अंजनगावकडून निरोप आला तेव्हा ते वर्गावर होते. घरी आले, लाकडी चौकट कपाटाच्या वर ठेवून दिली आणि पुढची सगळी वर्षे फक्त पुस्तकातले पदार्थविज्ञान शिकवले. नोकरी शाबूत राहिली. त्यावर तुमच्या आईचे शिक्षण झाले, आणि तिच्यामुळे तुम्ही तिकडे आहात.

बऱ्याच वर्षांनी मी त्या कारागिरांना माझ्या नावाने पत्र टाकले. ते परत आले. पाकिटावर शिक्का होता, या पत्त्यावर कोणी राहत नाही. तोवर आजोबाही गेले होते. पत्र पोचले होते असेच समजून गेले.

थोरले, तुझ्या कायद्याला माझा विरोध नाही. असली यंत्रे वाटेल त्याच्या हाती जाऊ नयेत, हे मला कळते. पण तुमच्या छापील अर्जात 'वस्तू कशासाठी हवी' असा रकाना असणारच. त्याच्याखाली आणखी एक जागा ठेवता आली तर पाहा. आधी लिहिलेले खोटे होते, असे ज्याला नंतर सांगायचे असेल त्याला सांगता यावे, आणि त्या सांगण्यापायी त्याचे घर बुडू नये.

तशी जागा असती तर मी पत्र टाकले असते का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. पोस्ट शाळेच्या वाटेवरच होते आणि पत्र पर्समध्ये होते. टाकले असते, असे मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

ते पत्र यासोबत पाठवते आहे. खाली आजोबांची सही आहे. त्यांचे अक्षर तुम्ही पाहिलेले नाही.