खात्याच्या वकिलांनी हरलेला खटला

अर्जदार: मी, सुपेल्याचा, लोकांचे अर्ज लिहून देणारा अर्जनवीस. काळ: आमचे गाव मध्य प्रदेशात होते तेव्हाचा. साक्षीदार: बालगृहातून कमी केलेली आयाबाई. विषय: बालकल्याण खात्याचे वकीलसाहेब. कर्मचाऱ्यांविरुद्ध ते खात्यातर्फे लढत आणि प्रत्येक प्रश्नाआधी चष्मा पुसत.

मी लिहिलेला बाईंचा अर्ज त्यांनी माझ्या टेबलाशी उभ्यानेच वाचला. चष्मा पुसून म्हणाले, "बाई, काढण्याआधी नोटीस भेटली होती?"

"नाही जी, मले कोणी इचारलंच नाही."

"मग मुन्शीजी, हे कावून नाही लिहिलं?"

माझ्यासारख्या अनुभवी माणसाची ही चूक! मी ते वाक्य घातले. न्यायालयात त्यांनी खात्याची बाजू कसून मांडली. पण त्याच वाक्यावर बाई नोकरीवर परतल्या.

आता गाव नव्या राज्यात गेले, वकीलसाहेबही गेले. निकालपत्रात मात्र ते हरल्याचीच नोंद आहे. ती दुरुस्त करून मला लेखी कळवावे, ही विनंती.