मुद्देमालाला तेल

टेलरमावशीने आयुष्यात एकच घोडचूक केली. चोर पकडला आणि वर पोलिसांना बोलावलं.

दुकानातलं शिलाई मशीन गेलं त्या सकाळी ती रडत बसली नाही. तडक भंगारवाल्यांच्या गल्लीत गेली. तिसऱ्याच दुकानात मशीन सापडलं, चिखलाने माखलेलं, पट्टा तुटलेलं. आणि शेजारी घासाघीस करत उभा असलेला चोरही. मावशीने त्याची कॉलर अशी धरली की शिवण उसवली. "शिवतात तरी काय मेले," असं म्हणून तिने भंगारवाल्याला हवालदाराकडे पिटाळलं. ऐन वेळी तिची अक्कल शेण खायला गेली ती अशी.

"आता हा मुद्देमाल," हवालदार म्हणाला. "खटला संपला की मिळेल."

"अहो, माझ्या आईचं मशीन आहे ते!"

"असेल. सध्या कायद्याचं आहे."

चोर आठवड्यात जामिनावर सुटला. मशीनला जामीन नव्हता. ठाण्याच्या मागच्या खोलीत, मोडक्या सायकलींच्या ढिगाशेजारी ते पाच वर्षं पडून राहिलं. मावशी भाड्याच्या मशीनवर बसायची. ते कापड कमी शिवायचं आणि दोरा जास्त खायचं. नवरा म्हणायचा, "सोड तो नाद." पण दर मंगळवारी ही बाई तेलाची बुधली घेऊन ठाण्यात हजर.

"मावशी, मुद्देमालाला हात लावायचा नाही."

"तुम्ही लावता का? मग गंज चढेल त्याला."

तिने चिखल पुसला, पट्टा बदलला, चाक फिरतं केलं. मशीन चालतंय म्हटल्यावर कायद्याचे डोळे उघडले. आज हवालदाराच्या सदऱ्याचं बटण, उद्या फौजदारसाहेबांची पँट. साहेबांचं पोट बढतीच्या वेगाने पुढे जात होतं, म्हणून कंबर दर सहा महिन्यांनी उसवून वाढवावी लागे. मावशी निमूट शिवायची. आपलं मशीन त्यांच्या हातात आहे, तोंड कशाला उघडा?

शेवटी निकालाचा दिवस उजाडला. चोराच्या वकिलाने पंचनामा वाचला: चिखलाने भरलेलं, पट्टा तुटलेलं मशीन, नंबर वाचता येत नाही. मग त्याने समोरच्या मशीनकडे बोट दाखवलं. आरशासारखं चकचकीत, पट्टा कोरा.

"हे ते मशीनच नाही, साहेब!"

मावशी ओरडली, "अहो, मी पुसलं ते!" न्यायाधीशांनी तिला गप्प बसवलं. मावशीने हवालदाराकडे पाहिलं. तिनेच लावलेल्या बटणाशी चाळा करत तो छताकडे बघत होता. चोर सुटला. मशीनची मालकी सिद्ध न झाल्याने ते पुन्हा ठाण्यात जमा.

पायऱ्यांवर चोर भेटला. "मावशी, त्या दिवशी मला दोन थोबाडीत देऊन मशीन घेऊन गेला असतात, तर दोघंही सुटलो असतो."

मावशीला ते पटलं. त्या अख्ख्या इमारतीत सरळ बोललेला तो एकटाच.

पुढच्या मंगळवारी ती नेहमीसारखी ठाण्यात गेली. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांची तपासणी होती, म्हणून फौजदाराची पँट तिची वाटच बघत होती. मावशीने कंबर उसवली, नीट, टोकापासून टोकापर्यंत. मग मशीनच्या पोटातली, जिच्याशिवाय एक टाका पडत नाही ती बॉबिनची डबी काढून पदराच्या गाठीत बांधली आणि "तेल संपलं, आणते" म्हणून बाहेर पडली.

संध्याकाळी हवालदार धापा टाकत दुकानात आला. "मावशी, साहेब टॉवेल गुंडाळून बसलेत! आणि मशीनची डबी गायब आहे!"

"अगं बाई! पोलीस ठाण्यात चोरी?"

"काहीतरी करा ना."

"मी काय करणार? तक्रार लिहा," मावशीने भाड्याच्या मशीनचं पायडल दाबत सांगितलं. "आणि डबी सापडली तर लगेच घालू नका हं मशीनमध्ये. मुद्देमाल असेल तो. खटला संपेपर्यंत साहेबांना म्हणावं, बसा तसेच."